शेजारचे ह्माँग, शेजारचे करेन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मिनेसोटात सेंट पॉलच्या आसपास कुणी मराठी कुटुंब राहायला आलं की महिन्याभरात मला एक निरोप येतो. "ताई, शेजारचे लोक चिनी वाटतात, पण विचारलं तर नाही म्हणतात. कोण आहेत हे?" संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात मी बरीच वर्षं शिकवते आहे आणि वर्गात निम्मे तरी करेन असतात. त्यामुळे असे प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. तीच तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखली, म्हणून हे एकदाच लिहून ठेवलं.

१. ह्माँग आणि करेन एकच का? आणि उच्चार काय करायचा?

एक नाहीत. भाषा वेगळ्या, इतिहास वेगळा, मूळ प्रदेशही वेगळा. ह्माँग लोक दक्षिण चीनमधून एकोणिसाव्या शतकात लाओस, व्हिएतनाम, थायलंडच्या डोंगरांत उतरले. करेन हे म्यानमारचे, थायलंडच्या सीमेला लागून असलेल्या पट्ट्यातले. दोघांमध्ये समान गोष्ट एवढीच, की दोघांनीही थायलंडमधल्या छावण्यांत वर्षं काढली आणि शेवटी एकाच शहरात येऊन पोचले. एखाद्या कोकणी माणसाला तुम्ही बंगाली म्हणालात तर तो जसा बघेल, तसंच करेन माणूस "तुम्ही ह्माँग ना?" या प्रश्नावर बघतो.

ह्माँगमधला 'ह' जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून 'माँग' म्हटलंत तरी चालतं. हिरव्या ह्माँग बोलीत तर तो 'ह' नसतोच. करेन म्हणताना जोर 'रेन'वर द्यायचा. इंटरनेटवर तक्रारखोर बाईला ठेवलेल्या त्या नावाशी याचा काही संबंध नाही. वर्गातली मुलं त्या विनोदाला केव्हाच कंटाळली आहेत.

२. ह्माँग अमेरिकेत का आले?

अमेरिकेच्या युद्धामुळे. १९६१ च्या सुमारास सीआयए या अमेरिकन गुप्तहेर संस्थेने लाओसच्या डोंगरांत वांग पाओ या ह्माँग लष्करी अधिकाऱ्याच्या हाताखाली फौज उभी केली. कम्युनिस्टांशी लढायचं, व्हिएतनामला जाणारी रसद तोडायची, पाडलेल्या विमानांच्या वैमानिकांना सोडवून आणायचं, अशी कामं. कागदोपत्री लाओस तटस्थ होता, म्हणून हे युद्ध 'गुप्त' राहिलं. मे १९७५ मध्ये कम्युनिस्ट जिंकत आले, तेव्हा या फौजेच्या लाँग टिएंगच्या तळावरून विमानांनी जेमतेम दोन-अडीच हजार माणसं हलवली. बाकीचे मागे राहिले. मग जंगलातून चालत, रात्री मेकाँग नदी पार करून लोक थायलंडला पोचले. बांबूच्या मोळीला किंवा फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीला धरून नदी ओलांडल्याच्या गोष्टी इथे घरोघर ऐकायला मिळतात. बुडालेल्यांच्या मात्र फार कुणी सांगत नाही. आपण विचारूही नये.

पहिली कुटुंबं १९७५-७६ मध्ये आली. शेवटची मोठी तुकडी २००४ नंतर थायलंडच्या वाट थाम क्राबोक या मठाच्या आवारातून आली, साधारण पंधरा हजार लोक. म्हणजे एकाच आडनावाची दोन माणसं भेटली, तरी एक इथे आजोबा झालेला आणि दुसरा वीस वर्षांपूर्वी उतरलेला असू शकतो.

३. आणि करेन?

करेन नॅशनल युनियन या त्यांच्या संघटनेची स्थापना १९४७ ची आणि रंगूनच्या, म्हणजे म्यानमारच्या (तेव्हाच्या बर्माच्या) सरकारशी लढाई सुरू झाली जानेवारी १९४९ मध्ये. जगातल्या सगळ्यात लांबलेल्या यादवी युद्धांपैकी हे एक. गावं जाळली गेली की माणसं सीमा ओलांडत. १९९५ मध्ये मानेरप्लॉ हे मुख्य ठाणं पडलं आणि लोंढा वाढला. थाई सीमेवर नऊ छावण्या आहेत, त्यांतली माए ला सर्वांत मोठी. थायलंडने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं छावणीबाहेर पडून काम करणं बेकायदा होतं. माझ्या वर्गातल्या तिशीतल्या विद्यार्थ्यांनी जन्मापासून अमेरिकेच्या विमानात बसेपर्यंत कुंपणाबाहेरचं जग फारसं पाहिलेलंच नव्हतं. अमेरिकेने २००५ पासून मोठ्या संख्येने करेन लोक घ्यायला सुरुवात केली.

४. पण सेंट पॉलच का? उणे तीस अंशात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तोही पुण्याहून आलेल्या लोकांकडून, जे स्वतः त्याच उणे तीसमध्ये राहतात!

सुरुवातीला सरकारी धोरण असं होतं की निर्वासितांना देशभर विखरून टाकायचं, म्हणजे कुठल्या एका गावावर भार नको. चर्चनी एकेक कुटुंब दत्तक घेतलं आणि ह्माँग लोक कुठल्या कुठल्या गावांत जाऊन पडले. पण ज्या समाजात अंत्यविधीला वीस-पंचवीस जाणती माणसं लागतात (प्रश्न ८), तिथे एकटं कुटुंब राहणार कसं? दोन-चार वर्षांत सगळे गाडीत सामान टाकून नातेवाईक होते तिकडे निघाले. फ्रेस्नोला गेले, विस्कॉन्सिनला गेले, सेंट पॉलला आले. इथे चर्चच्या आणि इतर मदतसंस्था होत्या, परवडणारी सरकारी घरं होती, इंग्रजी न येता मिळणारी कामं होती. आज अमेरिकेत साडेतीन लाखांच्या वर ह्माँग आहेत आणि मिनेसोटात लाखाच्या जवळपास. करेन मागाहून आले, तोवर युनिव्हर्सिटी अॅव्हेन्यूवर तांदळाची पोती आणि माशाचा सॉस विकणारी दुकानं थाटलेली होती. मिनेसोटातले करेन साधारण वीस हजार, असं त्यांच्या संस्था सांगतात. २००८ मध्ये इथेच करेन लोकांनी स्वतःची मदतसंस्था काढली.

थंडीचं म्हणाल, तर ती त्यांनाही आवडत नाही. सवय होते.

५. माझ्या मुलाच्या वर्गात चार 'सॉ' आहेत. हे आडनाव आहे का?

नाही. 'सॉ' म्हणजे श्री आणि 'नॉ' म्हणजे श्रीमती. ही स्गॉ करेन भाषेतली पद्धत, प्वो करेनमध्ये वेगळे शब्द आहेत. करेन लोकांना आडनाव नसतंच. पण अमेरिकन फॉर्मला दोन रकाने भरलेले लागतात. मग कुणाचं 'सॉ' हे नाव झालं, कुणाच्या नावाचा शेवटचा अक्षरगट आडनाव झाला. पॉ म्हणजे फूल, थू म्हणजे सोनं, मू म्हणजे जीवन, एह म्हणजे प्रेम. सख्ख्या चार भावंडांची चार आडनावं, ती अशी. शाळेच्या ऑफिसला ही मुलं एकाच घरातली आहेत हे पटवायला आईला जन्मदाखले घेऊन जावं लागतं.

ह्माँग लोकांत उलट. आडनाव म्हणजे कुळ, आणि ते फार महत्त्वाचं (प्रश्न ७). त्यांच्या रोमन लिखाणाची गंमत मात्र सांगायलाच हवी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लाओसमध्ये मिशनऱ्यांनी ही पद्धत बसवली. भाषा सुरांची, म्हणून शब्दाच्या शेवटी जे व्यंजन लिहितात ते वाचायचंच नसतं, ते फक्त सूर दाखवतं. स्वर दोनदा आला की तो नाकात म्हणायचा. म्हणून 'ह्माँग' हा शब्द ते स्वतः लिहितात एच, एम, ओ, ओ, बी. मी पहिल्यांदा तो 'ह्मूब' असा वाचला होता. समोरच्या आजी इतक्या हसल्या की चहा सांडला.

६. सगळ्यांचा वाढदिवस १ जानेवारीला कसा?

डोंगरातल्या गावात जन्मनोंद नव्हती. "भात कापणीच्या वेळी, मोठ्या पुराच्या पुढच्या वर्षी" असा हिशेब. निर्वासितांची मुलाखत घेणाऱ्याने वर्ष अंदाजे लिहिलं आणि दिवस १ जानेवारी. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेतल्या मास्तरांनी तसा लिहिला. समजून घ्यायला याहून सोपं काही नाही. त्यातून एक खरी अडचण मात्र येते. वय दोन-चार वर्षं कमी लागलं असेल, तर निवृत्तिवेतनही तेवढंच उशिरा.

७. ह्माँगांमध्ये सगोत्र विवाह चालत नाही, हे खरं का?

खरं. साधारण अठरा कुळं मानतात: वांग, शाँग, यांग, ली, लोर, मुआ, हर, थाओ, वू वगैरे. एका कुळातले मुलगा-मुलगी म्हणजे भाऊ-बहीण. मग एक फ्रान्समध्ये वाढलेला असो आणि दुसरी सेंट पॉलमध्ये, ओळखपाळख नसो, काही फरक पडत नाही. दोन अनोळखी ह्माँग भेटले की पहिला प्रश्न कुळाचा. मग कोण कुणाला काका म्हणणार ते ठरतं आणि पुढचं बोलणं सुरू होतं. आते-मामे भावंडांची कुळं वेगळी पडतात, त्यामुळे परंपरेने त्यांचं लग्न चालत आलं आहे. मामाच्या मुलीचं प्रकरण तुम्हाला मी काय समजावून सांगू?

दोन ठिकाणी लोक फसतात. एक, लग्नानंतर बाई माहेरचंच कुळनाव लावते. देवकार्यात ती सासरची होते, पण नाव बदलत नाही. नवराबायकोची आडनावं वेगळी दिसली म्हणून भलते तर्क करू नका. दुसरं, इंग्रजी स्पेलिंगला भुलू नका. ली दोन तऱ्हांनी लिहितात, चा आणि चांग ही एकाच कुळाची रूपं आहेत. कागदावर नावं वेगळी असली तरी ते भाऊबंद असू शकतात.

लग्न ठरवायला दोन्हीकडून 'मे कोंग' नावाचे मध्यस्थ बसतात. वधूमूल्य, जुनी भांडणं, मानपान, सगळं टेबलावर येतं आणि बैठक दिवसभर चालते. वधूमूल्यावरून नव्या पिढीत जोरदार वाद आहेत. मुलींची बाजू मला पटते, पण त्यांच्या घरात जाऊन ते सांगणं माझं काम नाही.

८. सहकाऱ्याचे वडील वारले. अंत्यविधी चार दिवस आणि तोही महिन्याभराने? असं कसं?

हे नीट समजून घ्या, कारण ह्माँग समाज कशाने बांधलेला आहे ते इथे दिसतं.

पारंपरिक अंत्यविधी तीन-चार दिवस, रात्रंदिवस चालतो. सेंट पॉलमध्ये त्यासाठी खास सभागृहं आहेत, पण थोडीच. म्हणून रांग लागते आणि कित्येक आठवडे थांबावं लागतं. इथे पद्धत अशी पडली आहे की शुक्रवारी किंवा शनिवारी सुरू करायचं आणि सोमवारी दफन, म्हणजे लोकांच्या रजा वाचतात. आत गेलात की एका बाजूला ढोल टांगलेला असतो आणि त्याच्यासमोर एक माणूस 'केंग' वाजवत, वाकून गिरक्या घेत नाचत असतो. केंग म्हणजे लाकडी पोकळ भांड्यात बसवलेल्या सहा वाकड्या बांबूनळ्या. तो नुसतं संगीत वाजवत नाही, त्या सुरांतून मृताशी बोलतो. सूर हाच शब्द, कारण भाषाच सुरांची.

त्याआधी वाट दाखवण्याचं गाणं होतं. गाणारा मृताच्या आत्म्याला आयुष्यातल्या एकेका मुक्कामी उलटं नेतो. सेंट पॉलचं शेवटचं घर, त्याआधीचं भाड्याचं घर, थायलंडची छावणी, मेकाँग, लाओसमधलं गाव. प्रत्येक ठिकाणी तिथल्या पाण्याचे, सरपणाचे आभार मानायचे आणि पुढे निघायचं. शेवटी जिथे जन्मानंतर वार पुरली होती तिथे पोचायचं. ती वार म्हणजे आत्म्याचा पहिला अंगरखा, तो घालूनच पूर्वजांकडे जाता येतं. मुलाची वार घराच्या मुख्य खांबाशी पुरत, मुलीची आईवडिलांच्या पलंगाखाली. 'नाळ पुरलेली जागा' असं आपण सहज बोलून जातो. इथे ती यादीतली शेवटची जागा असते, आणि तिथवर मृताला बोट धरून नेतात. अमेरिकन हॉस्पिटलात जन्मलेल्यांचं काय करायचं, यावर जाणत्यांमध्ये चर्चा चालू असते.

तुम्ही जाणार असाल तर पाकिटात पैसे न्या, टेबलावर नोंद होते. कुणी जेवायला बसवलं तर बसा. मृताच्या अंगावर धातू चालत नाही, चेन किंवा बटणसुद्धा नाही, म्हणून शवपेटीत काही ठेवायला जाऊ नका. फोटो काढू नका. आणि सहकाऱ्याने चार दिवस रजा मागितली तर भुवया उंचावू नका. तो तिथे भांडी घासत, गाई-डुकराचं मटण शिजवत उभा असेल, कारण उद्या त्याच्या घरी हीच माणसं येणार आहेत.

९. यांचा धर्म कोणता?

ह्माँगांमध्ये पूर्वज आणि आत्मे मानणारे पुष्कळ आणि ख्रिश्चनही पुष्कळ. त्यावरून घराघरांत फूट पडते, मुख्यतः अंत्यविधीच्या वेळी. म्यानमारमधले बहुसंख्य करेन बौद्ध आहेत, पण इथे आलेल्यांत बाप्टिस्ट ख्रिश्चन खूप, कारण तिथे अमेरिकन मिशनऱ्यांचं काम १८२० च्या दशकापासूनचं. करेन लिपीही १८३० च्या दशकात एका मिशनऱ्यानेच बर्मी लिपीवरून बसवली.

१०. कुठल्या सणाला आम्ही जाऊ शकतो?

जवळजवळ सगळ्याच. ह्माँग नववर्ष नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या आसपास असतं. मूळ सण कापणीनंतरचा. मुलं-मुली समोरासमोर रांगेत उभी राहून चेंडू फेकतात, त्याला 'पॉ पॉ' म्हणतात. पूर्वी हीच मुलगी बघण्याची रीत होती. नाण्यांनी मढवलेल्या कपड्यांचा छुमछुम आवाज पार्किंगपासून ऐकू येतो. उन्हाळ्यात ४ जुलैच्या आसपास कोमो पार्कला मोठा मेळा भरतो. पायाने खेळायचा वेताचा चेंडू तिथे बघाच.

करेन नववर्ष डिसेंबर-जानेवारीत, चांद्र पंचांगाप्रमाणे. त्यांचं साल इसवी सनात ७३९ मिळवून येतं, म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये २७६३ लागलं. ऑगस्टमध्ये मनगटाला दोरा बांधण्याचा सोहळा होतो. पांढरा दोरा, थंड पाणी, भाताचे गोळे, त्रिकोणी चिकट भात, केळी, ऊस आणि फुलं मांडतात, आणि वडीलधारी मंडळी तरुणांच्या मनगटाला दोरा बांधून हरवलेल्या आत्म्याला परत बोलावतात. सोहळ्यात लांब पांढऱ्या झग्यातल्या बायका दिसल्या तर आपल्या सवयीने चुकीचा अर्थ लावू नका. पांढरा झगा म्हणजे अविवाहित मुलगी. लग्न झालेली रंगीत लुंगी आणि वेगळा झबला घालते.

११. घरी बोलावलं आहे. आम्ही शाकाहारी. शिवाय काय टाळायचं?

आधीच सांगा, लाजू नका. ह्माँग घरी आत्मा बोलावण्याच्या विधीला ('हू प्ली') उकडलेली कोंबडी आणि अंडी असणारच, कोंबडीच्या पायांवरून शकुनही बघतात. पण जांभळा चिकट भात, उकडलेला मोहरीचा पाला, भोपळ्याचे कोवळे शेंडे असतातच. मिरचीची चटणी ठेचा समजून खा, फक्त त्यात माशाचा सॉस आहे का ते विचारून घ्या.

दारावर हिरवी फांदी अडकवलेली दिसली तर आत शिरू नका. घरात विधी झालेला असतो आणि बाहेरच्याला काही दिवस बंदी असते. बाळाला बघून "किती गुटगुटीत!" असं मोठ्याने म्हणू नका. कारण आपल्या आजीला विचारा. बाळंतीण महिनाभर गरम पाणी पिते आणि कोंबडीचं औषधी वनस्पती घातलेलं सूप भातासोबत खाते, तेव्हा तिच्यासाठी केक-आइस्क्रीम नेऊ नका. करेन घरी पानसुपारीचं तबक पुढे येईल. नको असेल तर हसून नको म्हणा. "जेवलात का?" हे त्यांचंही अभिवादन आहे.

१२. अंबाडी मिळते म्हणतात, ते खरं का?

खरं! करेन लोकांची आवडती आंबट भाजी म्हणजे आपली अंबाडीच. जुलै-ऑगस्टमध्ये शेतकरी बाजारात जा. तिथे ह्माँग शेतकऱ्यांच्या गाळ्यांची मोठी रांग असते. पाच-सहाच्या सुमारास उठून गेलात तर जुड्या मिळतात, दहा वाजता गेलात तर देठ. कारली, गवती चहा, कोथिंबीर, बारीक तिखट मिरच्याही असतात. भाव करू नका. पहाटे तीनला उठून भाजी धुऊन आणलेल्या आजी असतात त्या.

१३. करेन शेजाऱ्याला डॉक्टरकडे न्यायचं आहे. दुभाषा 'बर्मी' सांगू का?

नाही. मी ही चूक केलेली आहे. एका दवाखान्यात फोनवर बर्मी दुभाषा जोडून दिला आणि माझ्यासोबतच्या मावशी वीस मिनिटं नुसत्या "हो, हो" म्हणत राहिल्या. बाहेर आल्यावर मुलीकडून कळलं की त्यांना एक अक्षर समजलं नव्हतं. गोळ्या जेवणाआधी की नंतर, तेही नाही. आणि ज्या सैन्याने गाव जाळलं, त्याची भाषा बोलणाऱ्यासमोर नाही म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही. स्गॉ करेन की प्वो करेन, ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. म्यानमारहून आलेले सगळे करेन नसतात, करेन्नी, मोन, चिन, रोहिंग्याही आहेत. लहान मुलांना दुभाषा करू नका.

१४. मदत करायची आहे. जुने कपडे देऊ का?

कपडे पुरेसे आहेत. गाडी शिकवा, कागद वाचून द्या. नव्याने आलेल्यांना हे माहीतच नसतं, की विमानाच्या तिकिटाचे पैसे कर्ज म्हणून दिलेले असतात. व्याज नसतं, पण हप्ता चुकला तर पत बिघडते. निर्वासिताला एक वर्षानंतर ग्रीन कार्ड आणि पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. वय ५५ झालं असेल आणि ग्रीन कार्डावर १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजीची सूट मिळते आणि परीक्षा स्वतःच्या भाषेत देता येते. ५० आणि २० असाही पर्याय आहे. लाओसच्या युद्धात लढलेल्या ह्माँग सैनिकांसाठी २००० साली वेगळा कायदा झाला होता, पण तो मुदतीचा होता.

१५. अजून लोक येत आहेत का? आणि आलेले सुरक्षित आहेत ना?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने निर्वासितांचा कार्यक्रम थांबवला. जूनमध्ये म्यानमारवर पूर्ण आणि लाओसवर अंशतः प्रवासबंदी आली. भावाची फाइल मंजूर होऊन विमानाची वाट बघत होती, अशी माणसं माझ्या वर्गात आहेत.

'एकदा आले की सुरक्षित' हेही सरसकट खरं नाही. ज्यांनी नागरिकत्व घेतलं नाही आणि ज्यांच्यावर तरुणपणी गुन्हा सिद्ध झाला होता, शिक्षा भोगून वीस-पंचवीस वर्षं झाली होती, अशा काही ह्माँग लोकांना २०२५ मध्ये लाओसला पाठवून दिलं. त्यांतल्या काहींचा जन्मच थायलंडच्या छावणीतला, लाओस कधी पाहिलेलाही नाही. म्हणून प्रश्न १४ मधला अर्ज भरून देणं हे कपड्यांच्या दहा पिशव्यांपेक्षा मोठं काम.

१६. भारतात करेन आहेत का?

आहेत, आणि निर्वासित म्हणून नव्हे. १९२५ पासून ब्रिटिशांनी जंगलतोडीच्या कामासाठी बर्मातून करेन कुटुंबं अंदमानात आणली. मायाबंदरजवळचं वेबी हे त्यांचं पहिलं गाव. आज त्यांची संख्या दोनेक हजारांच्या घरात आहे आणि ते भारतीय नागरिक आहेत. सेल्युलर जेल बघून पोर्ट ब्लेअरहूनच परत फिरणाऱ्यांना हे कळत नाही, कारण मायाबंदर तिथून दिवसभराच्या प्रवासावर आहे. मी वर्गात नकाशावर वेबी दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि विचारलं, "तिथे पाऊस किती पडतो?" मग भाताबद्दल विचारलं. मग अर्धा तास इंग्रजी झालंच नाही.